दोन पौर्णिमांच्या मधला महिना

मैत्रिणींनो, दसऱ्याचे सोने वाटून झाले की आपल्या घरात एक यादी सुरू होते. माळे झाडायचे, डबे घासायचे, पडदे धुवायचे, भाजणी करायची, पोहे उन्हात घालायचे. ही यादी संपते ती थेट लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, आणि तेव्हा कंबर इतकी धरलेली असते की दारातल्या पणत्यांकडे पाहायलाही त्राण उरत नाही. आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे दोन महिने. वर्षातले सगळ्यात स्वच्छ आकाश याच दिवसांत असते. पण आपल्याला ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून जेवढे दिसेल तेवढेच!

हे मी लिहिते आहे त्याला एक कारण घडले. काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीच्या गच्चीवर कोजागिरी होती. पंचवीस माणसांच्या दुधाचे काम मी हौसेने अंगावर घेतले. दूध आटवले, वर पाठवले, कमी पडले म्हणून आणखी तापवले, पेले विसळले. शेवटी पदर सावरत गच्चीवर पोचले तेव्हा सतरंज्या गुंडाळणे चालले होते. पुढच्या आठवड्यात धाकटीने शाळेसाठी ‘आमची कोजागिरी’ असा निबंध लिहिला. त्यात बाबांनी म्हटलेले गाणे होते, भेंड्यांत झालेली आत्याची फजिती होती, शेजारच्या आजोबांनी दुर्बिणीतून दाखवलेला चंद्र होता. माझ्याबद्दल एकच वाक्य होते. ‘आईने दूध छान केले होते.’

तिचे काहीच चुकले नव्हते. मी तिथे नव्हतेच. कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी ‘कोण जागे आहे?’ असे विचारत फिरते म्हणतात. मी जागी होते, पण ओट्यापाशी.

त्या वर्षापासून आमच्याकडे एक नियम केला आहे. कोजागिरी ते त्रिपुरी पौर्णिमा या एका महिन्यात चार वेळा सगळ्यांनी मिळून घराबाहेर जायचे, आणि चारही वेळा आई बसलेली असली पाहिजे. यात पैसा फारसा लागत नाही. आधी थोडी आखणी मात्र लागते. आमची आखणी सांगते, तुमच्या सोयीने तीत बदल करा.

पहिली बैठक कोजागिरीची. दुधाचा मसाला आठ दिवस आधीच करून ठेवावा. दहा माणसांसाठी २५ बदाम, २५ पिस्ते, ७-८ वेलदोडे, पाव जायफळ आणि चिमूटभर केशर पुरते. बदाम-पिस्ते कोरडे शेकून, पूर्ण गार करून मगच मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावेत. सलग फिरवले तर तेल सुटून गोळा होतो. त्या दिवशी दुपारीच दोन लिटर दूध मंद आचेवर दीड लिटरपर्यंत आटवावे, त्यात १५० ग्रॅम साखर घालावी, विरघळली की मसाला घालून झाकून ठेवावे. रात्री एकदाच कोमट करून पातेले वर न्यावे. पेला ज्याचा त्याने आणायचा आणि ज्याचा त्याने विसळायचा! सोबत बटाटेवडे मुळीच ठरवू नका. वडे ठरले की कढईपुढे एक बाई अडकलीच म्हणून समजा. त्यापेक्षा भेळ ठेवा. कांदा, कोथिंबीर, चिंचेची चटणी घरून न्यायची आणि कालवायचे काम पुरुष मंडळींकडे द्यायचे. ते ती छान कालवतात, आणि कौतुकही करून घेतात.

तुम्ही म्हणाल, चांदण्यात बसून काय मिळते? चरकसंहितेत शरद ऋतूतला आहारविहार सांगितला आहे. त्यात सायंकाळनंतरच्या चांदण्याची प्रशंसा केली आहे आणि ऊन, तेल, दही टाळायला सांगितले आहे. आणि आपण नेमके काय करतो, तर भर दुपारी उन्हात गाद्या घालतो आणि तिन्हीसांजेला तेलाच्या कढईपुढे उभ्या राहतो.

दुसरी बैठक एखाद्या रविवारी सकाळी, जवळच्या टेकडीवर. ऑक्टोबरची उष्णता कडक असते, म्हणून सातच्या आत निघावे आणि दहाला घरी यावे. फुले पाहायची तर साताऱ्याजवळच्या कास पठारावरच गेले पाहिजे असे अनेकींना वाटते. कास सुंदरच आहे, २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत लागले. पण तिथला बहर मुख्यतः सप्टेंबरातला, शिवाय गर्दी आणि आधीची नोंदणी. पश्चिमेकडच्या डोंगराळ गावांत राहणाऱ्यांना आपल्याच टेकडीच्या उतारावर सोनकीची पिवळी फुले या सुमारास सापडतात. पुण्यात पर्वती आहे, साताऱ्यात अजिंक्यतारा आहे, नाशकात पांडवलेणी आहेत. सपाटीवरच्या गावांत नदीकाठ, तळे किंवा शेताचा बांध असतोच. फुले तोडू नयेत, हे मुलांना निघतानाच सांगावे.

येताना सीताफळे आणावीत. पुरंदर तालुक्यातली आणि बीडकडची सीताफळे नावाजलेली, पण ती आपल्या मंडईतही याच दिवसांत येतात. फळाचे डोळे मोठे असावेत आणि दोन डोळ्यांमधली खाच पांढरट-पिवळसर दिसावी. असे फळ घट्ट असले तरी तांदळाच्या डब्यात दोन-तीन दिवसांत पिकते. कच्चे फळ फ्रिजमध्ये ठेवू नये, ते काळे पडते आणि नीट पिकत नाही. गर काढताना बिया फोडू नयेत. मोठ्या भोकांच्या चाळणीवर हाताने हलके चोळले की गर खाली पडतो आणि बिया वर राहतात. बिया विषारी असतात आणि त्यांची पूड डोळ्यांत गेली तर मोठी इजा होते, म्हणून उवांवर उपाय म्हणून ती पूड मुलींच्या डोक्याला लावणे टाळावे. बासुंदी करायची तर अर्धा लिटर दूध आटवून पूर्ण गार करावे आणि मगच दोन फळांचा गर घालावा. गर शिजवला की कडवटपणा येतो, हे लक्षात ठेवा.

आता मधली दिवाळी. कोजागिरीपासून अमावास्येपर्यंत जेमतेम पंधरा दिवस असतात आणि आपला सगळा शरद तिथेच खर्ची पडतो. मी पूर्वी नऊ पदार्थ करीत असे. आता चिवडा, चकली, लाडू आणि शंकरपाळे, एवढेच. करंज्या आणि अनारसे जवळच्या बचत गटाच्या बायकांकडून घेते. त्या ते माझ्याहून चांगले करतात आणि चार पैसे त्यांच्या घरी जातात. शंकरपाळे कापायला मुले बसतात. ते वेडेवाकडे होतात, पण डब्यातून तेच आधी संपतात.

‘सासूबाई काय म्हणतील?’ असे तुमच्या मनात आले असेल. माझ्याही आले होते. मी भीतभीतच त्यांना विचारले, “आई, तुमच्या लहानपणी कोजागिरीला काय करायचे हो?” तर त्या तासभर बोलत होत्या. माहेरचे अंगण, विहिरीच्या पाण्यात पडलेला चंद्र, आणि लग्न झाल्यानंतर मात्र एकदाही निवांत न बसलेली कोजागिरी. दुसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, “या वर्षी चकल्या कमी घाल गं. मलाही गच्चीवर यायचंय.”

तिसरी बैठक दिवाळीनंतरची, आवळीभोजनाची. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली जेवायची आपली जुनी पद्धत. पूर्वीच्या बायकांना घराबाहेर पडून एकत्र जेवण्याचे हे हक्काचे निमित्त होते. देवळाच्या आवारात, सार्वजनिक बागेत किंवा ओळखीच्या मळ्यात आवळा शोधून ठेवावा. नाहीच मिळाला तर कोणतेही सावलीचे झाड चालेल, आवळे आपण घेऊन जावेत. जेवण सोपे ठेवावे. भाकरी एकीने, पिठले दुसरीने, मसालेभात तिसरीने, ताक चौथीने, असे वाटून घ्यावे. आवळ्याची चटणी मी नेते. चार आवळे बिया काढून चिरावेत, त्यात दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, दोन चमचे ओले खोबरे, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून वाटावे. फोडणीची गरज नाही. चटणी खाऊन वर पाणी पिऊन पाहा, ते गोड लागते. लहान मुलांना याची फार मजा वाटते. आपल्या गावात शिंगाडे येत असतील तर उकडून तेही न्यावेत. भंडाऱ्याकडच्या तळ्यांतले शिंगाडे याच मोसमात बाजारात येतात.

चौथी बैठक त्रिपुरी पौर्णिमेची. त्या दिवशी देवळातल्या दीपमाळा उजळतात, नदीच्या घाटावर पणत्या लावतात. कोल्हापूरकर पंचगंगेच्या घाटावर पहाटेच जमतात. दिवाळीतल्या उरलेल्या पणत्या, वाती आणि थोडे तेल एका पिशवीत आधीच बांधून ठेवावे. पणत्या पाण्यात न सोडता पायरीवर लावाव्यात, आणि परतताना रिकाम्या पणत्या उचलून आणाव्यात. तिथे करण्यासारखे दुसरे काही नसते. पणती लावायची आणि शेजारी बसायचे.

आता एकच काम करा. आजच कॅलेंडर काढा आणि या चार दिवसांवर पेनाने खूण करा. दूधवाल्याचा हिशेब, गॅसची तारीख, मुलांच्या परीक्षा आपण त्यावर लिहितोच, मग आपली बैठकही लिहून ठेवावी. लिहिलेले पाळले जाते, असा माझा अनुभव आहे.

गेल्या कोजागिरीला मी सतरंजीवर पाय पसरून बसले होते. भेळेत मीठ अंमळ जास्तच झाले होते. पण ते मला कुणी सांगितले नाही, मी तिथेच बसून स्वतः खाल्ली!