प्रेमाच्या नावाने लूट : कायद्याचे हात कोणापर्यंत पोचतात?

परक्या शहरातील एखाद्या सुस्वभावी डॉक्टरचा वा अभियंत्याचा संदेश भ्रमणध्वनीवर ‘चुकून’ येतो. क्षमायाचना होते, ओळख वाढते, आजारपणाची चौकशी होते, लग्नाच्या गोष्टी निघतात. काही महिन्यांनी त्याच आपुलकीच्या सुरात गुंतवणुकीचा सल्ला येतो. बनावट संकेतस्थळावर रक्कम वाढलेली दिसते. पहिल्या खेपेस थोडे पैसे परतही मिळतात. मग भविष्यनिर्वाह निधी जातो, दागिने जातात, घरावर कर्ज निघते, आणि एके दिवशी तो डॉक्टर नाहीसा होतो. या धंद्यातील चिनी टोळ्यांनी या पद्धतीला दिलेले नाव बोलके आहे : डुकराला चारून पोसायचे आणि मग कापायचे.

असे प्रकरण उघडकीस आले की फसलेल्या माणसाचे हसे होते. कोणी त्याच्या भोळेपणावर, कोणी तिच्या वयावर शेरे मारतो. या हशाचा लाभ लुटारूंनाच होतो, कारण लाजेपोटी माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. १९३० या मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार झाली तर पैसे वाटेतच गोठविता येतात. लाजेत गेलेला प्रत्येक तास टोळीच्या पथ्यावर पडतो. केंद्रीय गृहखात्याने लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार सर्व प्रकारच्या सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२३ साली सुमारे ७,४६५ कोटी, तर २०२४ साली सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. माणसांचा भोळेपणा एका वर्षात तिप्पट होत नसतो. लुटीची यंत्रणाच तेवढी वाढली आहे.

संदेश लिहिणारा कोण?

ही यंत्रणा आज कारखान्यासारखी चालते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाच्या अंदाजाप्रमाणे म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसे ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला सक्तीने जुंपली गेली असावीत. त्यांत भारतीय तरुणही आहेत. थायलंडमध्ये संगणकावरचे काम आणि चांगला पगार असे सांगून दलाल त्यांना पर्यटक म्हणून पाठवितात. तेथून नदी ओलांडून म्यानमारमधील म्यावाडीजवळच्या, तटबंदीच्या आत वसविलेल्या वसाहतींत त्यांना नेले जाते आणि पारपत्रे काढून घेतली जातात. ठरवून दिलेल्या मजकुराबरहुकूम, दुसऱ्याच्या छायाचित्राआडून, त्यांनी प्रेमाचे संदेश पाठवावयाचे. ठरलेली कमाई झाली नाही तर मार, विजेचे झटके किंवा दुसऱ्या टोळीला विक्री.

मे २०२४ मध्ये कंबोडियातील सिहानूकविल येथे अशाच वसाहतीतील भारतीय तरुणांनी एकत्र येऊन निदर्शने केली. सुटलेल्यांपैकी ६० जणांची पहिली तुकडी त्याच महिन्यात मायदेशी परतली. मार्च २०२५ मध्ये म्यावाडी भागातून सुटलेल्या भारतीयांना विमानांनी आणण्यात आले. पहिल्याच विमानात २८३ जण होते. म्हणजे संदेशाच्या एका टोकाला आयुष्याची पुंजी गमावणारा माणूस आहे, आणि दुसऱ्या टोकाला बहुधा बेकारीने घराबाहेर काढलेला एक बंदिवान. नफा मात्र तिसऱ्याचाच.

कायद्याची अपुरी मोजपट्टी

या कारखान्यासमोर आपला कायदा एकट्या भामट्याला पकडण्याच्या तयारीने उभा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-डी प्रमाणे संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास जास्तीत जास्त तीन वर्षे कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि हा गुन्हा जामीनपात्र आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १११ व्या कलमात संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत सायबर गुन्हे आले, हे योग्यच झाले. परंतु सूत्रधार सीमेपलीकडे असतो, पैसा आभासी चलनात रूपांतरित होऊन निघून जातो, आणि तपासाच्या हाती प्रथम लागतो तो थोड्या पैशांसाठी आपले बँक खाते भाड्याने देणारा एखादा गरजू.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. संहितेच्या १४३ व्या कलमात मानवी तस्करीच्या संदर्भात गुलामगिरी, दास्य, भीक मागविणे यांचा उल्लेख आहे. सक्तीने गुन्हा करवून घेण्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. धाकाखाली केलेल्या कृत्यास ३२ वे कलम संरक्षण देते, पण तो धाक तत्काळ मृत्यूचा असला तरच. विजेच्या झटक्याचा वा विकले जाण्याचा धाक त्यात सहज बसत नाही. शिवाय १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील परवानगीची तपासणी दहावी उत्तीर्ण झालेल्यास लागत नाही. पर्यटक म्हणून निघालेला पदवीधर तर त्या नजरेतून पूर्णपणे सुटतो.

मालकापर्यंत पोचा

मालक हाती लागत नाहीत ही सबब टिकणारी नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने कंबोडियातील प्रिन्स ग्रुपचा अध्यक्ष चेन झी याच्यावर सक्तीच्या श्रमावर फसवणुकीच्या वसाहती चालविल्याचा आरोप ठेवला आणि सुमारे १५ अब्ज डॉलर किमतीच्या बिटकॉइनच्या जप्तीची कारवाई सुरू केली. राज्यसंस्थेने ठरविले तर पैशाचा माग लागतो. तो पैसा लुटल्या गेलेल्यांना परत मिळणार की तिजोरीत विसावणार, हा प्रश्न मात्र उरतोच.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. गुन्हा करण्याची सक्ती ही तस्करी आहे, असे कायद्याने निःसंदिग्धपणे म्हणावे. सुटून आलेल्यांना प्रथम पीडित व साक्षीदार मानावे. त्यांच्या साक्षीवर दलालांविरुद्ध खटले उभारावेत. तक्रार पोचल्यानंतरही पैसे पुढे जाऊ देणाऱ्या बँकांवर, आणि बनावट खाती चालू ठेवणाऱ्या संदेश-कंपन्यांवर नुकसानीची जबाबदारी टाकावी. जप्त रकमेवर पहिला हक्क फसलेल्यांचा असावा.

कार्यकर्त्यांचे कामही येथूनच सुरू होते. वस्तीत, संघटनेत कोणी फसले असेल तर त्याची थट्टा होऊ न देता त्याच्यासोबत ठाण्यावर जाणे, आणि परदेशी नोकरीचे आमिष दाखविणाऱ्या दलालाची वेळीच चौकशी करणे, एवढे प्रत्येक शाखेला आजही करता येण्यासारखे आहे.