खुनाच्या गोष्टीत मेलेला माणूस कुठं असतो?

एखाद्या श्रीमंत माणसाच्या खुनावरचं पुस्तक वाचून झालं, की वाचक पहिला प्रश्न कोणता विचारतो? खुनी सापडला का, त्याला शिक्षा काय झाली, असं आपल्याला वाटेल. माझा अनुभव निराळा आहे. पहिला प्रश्न असतो, 'पैसा किती होता हो त्याच्याकडे?' दुसरा असतो, 'बाई कोण होती?' मेलेल्या माणसाबद्दलचा प्रश्न रांगेत बराच मागं उभा असतो. कधी कधी त्याची पाळी येतच नाही.

धवल कुलकर्णी यांचं 'द बावला मर्डर केस' हे इंग्रजी पुस्तक माझ्या सातारच्या आणि सांगलीच्या स्नेह्यांमध्ये फिरत होतं, तेव्हा हे पुन्हा जाणवलं. बँकेच्या नोकरीत या दोन्ही गावी मी राहिलो. तिथली वाचणारी माणसं अजून जोडलेली आहेत, आणि पुस्तक परत करताना ती मत दिल्यावाचून राहत नाहीत. एकाच पुस्तकावर दोन गावांची मतं इतकी वेगळी निघाली, की त्यावर लिहावंसं वाटलं.

प्रकरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईतल्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनाढ्य तरुण व्यापाऱ्याची मोटार अडवली गेली. गाडीत त्याच्याबरोबर मुमताज बेगम होती. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या पदरी ती काही वर्षं होती आणि तिथून निघून आली होती. हल्लेखोरांना तिला पळवून न्यायचं होतं. बावलावर गोळ्या झाडल्या गेल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. एवढ्यात गोल्फ खेळून परतणाऱ्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांची गाडी तिथं पोचली. त्यांतले लेफ्टनंट सेगर्ट हातातली गोल्फची काठी घेऊनच हल्लेखोरांवर धावले. मुमताज वाचली. बावला गेला. त्याचं वय अवघं पंचवीस.

मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढं नऊ आरोपींचा खटला चालला. इंदूर दरबारातले सरदार आनंदराव फणसे यांच्या बचावाला बॅरिस्टर महंमद अली जीना उभे होते. मे १९२५ मध्ये शफी अहमद, पुष्पशील पोंडे आणि श्यामराव दिघे यांना फाशीची शिक्षा झाली. फणसे यांना जन्मठेप. हल्ल्याचं मूळ इंदुरात असल्याचं न्यायमूर्तींनी सूचित केलं, पण सिंहासनापर्यंत त्यांचा अधिकार पोचत नव्हता. पुढं सरकारनं महाराजांपुढं दोन वाटा ठेवल्या: चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली, मुलगा यशवंतराव गादीवर आला आणि चौकशीचा विषय तिथंच मिटला. खुनात त्यांचा हात होता असं कुठल्या न्यायालयानं म्हटलं नाही. नव्हता असंही कुणी म्हटलं नाही.

आता मतं ऐका. साताऱ्यात एका निवृत्त शिक्षकांनी पुस्तक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, 'अहो, हा सगळा इंग्रजांचा कावा. त्यांना राजा हलवायचा होता, निमित्त मिळालं.' हे मत साताऱ्याचंच असू शकतं. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये कटाचा आरोप ठेवून पदच्युत केलं, काशीला पाठवलं, आणि रंगो बापूजी त्यांची फिर्याद घेऊन वर्षानुवर्षं लंडनमध्ये झुंजत राहिले, ही गोष्ट तिथं अजून घराघरात ठाऊक आहे. गादी गेलेला राजा दिसला, की सातारकराचा हात आपोआप त्याच्या बाजूनं वर जातो.

पण इथं थोडं थांबायला हवं. प्रतापसिंहांनी गुन्हा कबूल करणाऱ्या कागदावर सही करायला नकार दिला आणि त्यांच्या बाजूनं मागणं होतं ते एवढंच, की आमचं ऐकून घ्या. तुकोजीरावांना चौकशी देऊ केली होती. त्यांनी गादी सोडणं पत्करलं. दोघांची गादी गेली म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत. इंग्रजांनी या खुनाचा फायदा उठवला असेल, नव्हे, उठवलाच असेल. म्हणून मलबार हिलवर पडलेला माणूस उठून बसत नाही.

सांगलीची तऱ्हा वेगळी. तिथंही पटवर्धनांचं संस्थान होतं, पण ते १९४८ मध्ये विलीन झालं ते रीतसर. राजाबद्दलची जखम तिथं नाही. शिवाय गाव हळदीच्या पेठेचं, देणंघेणं जाणणारं. मार्केट यार्डातले माझे एक जुने खातेदार म्हणाले, 'साहेब, तरणा पोरगा, पैसा रग्गड, आणि असल्या भानगडीत पडला. मग दुसरं काय हुणार?' बोलण्यात दुष्टावा नव्हता. हिशेब होता. त्या हिशेबात श्रीमंती हीच चूक होती आणि मरण हे तिचं व्याज.

तिसरं मत साताऱ्यातल्याच एका गृहिणीचं. त्या एवढंच म्हणाल्या, 'तिला तिथं राहायचं नव्हतं. हे कुणी ऐकलंच नाही का?' मुमताजनं कोर्टात तेच सांगितलं होतं. आपल्या तान्ह्या मुलीला इंदुरात मारलं, असा तिचा आरोप होता आणि तिथं राहण्याची तिची तयारी नव्हती. बाकीच्या वाचकांना ती 'भानगड' वाटली; या बाईंना ती माणूस दिसली. सगळ्या मतांत मला हेच मत अधिक मोलाचं वाटतं, कारण त्यातून बावलाकडं जायची वाट सापडते. जी बाई परत जायला तयार नव्हती, तिला त्यानं इंदूरच्या माणसांच्या हवाली केलं नाही. तो साधुसंत होता असा दावा कुणीच करणार नाही. पण त्याचा जीव पैशापायी गेला नाही, या नकारापायी गेला.

बँकेत खातेदार वारला, की लेजरमध्ये त्याच्या नावापुढं तांबड्या शाईनं 'मयत' असं लिहीत असू. मग वारस येत, दाखले येत, शिल्लक पैशापर्यंत जुळवली जाई. माणूस कसा होता, याचा रकाना त्या अर्जात नसे, आणि बँकेला त्याची गरजही नसते. पण वाचकानं बँकेसारखं का वागावं? राजा इतिहासात गेला, जीना इतिहासात गेले, सेगर्टच्या शौर्याचं कौतुक झालं, त्याच वर्षी या प्रकरणावर 'कुलीन कांता' नावाचा मूकपटही निघाला. बावलाच्या वाट्याला आलं ते फक्त खटल्याचं नाव. फायलीवर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखं.

हे जुन्या पुस्तकापुरतं असतं तर लिहिलं नसतं. आज कुठं एखाद्या बिल्डरचा, सावकाराचा, बागायतदाराचा खून झाला, की संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर आणि मोबाइलवर निकाल लागलेला असतो. 'काहीतरी असणारच, उगाच कोण मारतं?' हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! ते वाक्य आरोपीच्या वकिलालाही कोर्टात इतक्या बिनधास्त म्हणता येणार नाही. मेलेल्याला उलटतपासणी करता येत नाही, अब्रुनुकसानीचा दावाही लावता येत नाही. म्हणून त्याच्याबद्दल बोलताना जिवंत माणसाबद्दल बोलताना घेतो त्याहून अधिक काळजी घ्यायला हवी.

अशी पुस्तकं वाचू नयेत, असं मी म्हणणार नाही. जरूर वाचावीत, घरात मोठ्यांनी त्यांवर वादही घालावेत. कायदा कुठवर पोचतो आणि कुठल्या उंबरठ्यावर त्याचे पाय अडखळतात, हे बावला खटल्याइतकं स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसतं. हल्ला करणारी माणसं फासापर्यंत गेली; त्यांना कुणी पाठवलं, हा प्रश्न एका राजीनाम्याच्या बदल्यात बंद झाला. त्या प्रश्नाचा चटका वाचकाला बसला, तर पुस्तकाचं सार्थक झालं.

पण 'पैसा किती होता' आणि 'बाई कोण होती' हे दोन प्रश्न विचारून झाले, की आणखी एक विचारावा: जो गेला, त्याला जगायचा हक्क होता ना? उत्तर सोपं आहे, आणि त्यात 'पण' येत नाही. तिजोरी भरलेली असो वा रिकामी, या एका बाबतीत सगळ्यांच्या खात्यावर शिल्लक सारखीच असते.