घरचे अन्न, रोजची धाव आणि पुरुषांचे कर्तव्य

रोग झाल्यावर वैद्याचे घर शोधणारे लोक आमच्यांत पुष्कळ आहेत. रोग होऊच नये म्हणून आपल्या घरची चूल आणि आपले दोन पाय यांजकडे पाहणारे फार थोडे. पौष्टिक असे घरचे अन्न आणि नित्याची धाव ही आरोग्याची दोन साधने इतकी स्वस्त व इतकी हाताजवळची आहेत की, त्यांची शिफारस करण्यास वर्तमानपत्राने आपले रकाने खर्ची घालावेत काय, असे कोणास वाटेल. परंतु ही साधने हाताजवळ असूनही हाती येत नाहीत, याचे कारण केवळ आळस नव्हे. त्याच्या मुळाशी आमच्या गृहव्यवस्थेतील एक जुना अन्याय आहे, आणि तो दूर केल्यावाचून आरोग्याचा सगळा उपदेश पोकळ ठरतो, हे आम्हांस आज आमच्या वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पुण्याच्या दक्षिण वेशीवरचे कात्रज घ्या. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी येथे तलाव बांधून बंदिस्त नळाने त्याचे पाणी शनिवारवाड्यापर्यंत व शहरातील हौदांपर्यंत नेले. पाण्याची सोय ही ज्याची त्याने पाहावयाची गोष्ट नसून सर्वांनी मिळून करावयाची गोष्ट आहे, एवढे शहाणपण त्या काळी होते. आज ते कात्रज खेडे राहिलेले नाही. साताऱ्याकडे जाणारा रस्ता त्याच्या मधून जातो. चौकात सकाळपासून रात्रीपर्यंत वाहनांची रीघ असते. आणि त्या रिघेच्या दोन्ही अंगांस वडे, भजी, पाव व गोड चहा यांची दुकाने अहोरात्र तत्पर असतात. परंतु त्याच कात्रजात तलाव आहे, घाटाच्या टेकड्या आहेत, जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंत डोंगराच्या धारेने जाणारी वाट आहे, आणि जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या सहकारी संघाचे दूध याच गावाच्या नावाने घरोघर पोहोचते. साधनांची येथे वाण नाही. मग आरोग्याची वाण का असावी?

ती आहे, यांत शंका नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेली व २०२३ साली प्रसिद्ध झालेली देशव्यापी पाहणी सांगते की, या देशात मधुमेह जडलेली माणसे सुमारे १० कोटी १० लाख आहेत आणि त्याच्या उंबरठ्यावर उभी असलेली १३ कोटी ६० लाख. याच परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली असे जाहीर केले की, देशातील एकूण रोगभारापैकी शेकडा ५६ हून अधिक भार अयोग्य आहारामुळे आहे. ‘आमची अंगकाठी सडपातळ, आम्हांस कशाचे भय?’ असे म्हणणाऱ्यांनी तर विशेष सावध असावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व त्यांची अपत्ये यांचा जो अभ्यास चालविला, त्यात असे आढळले की, आमची नवजात बालके इंग्लंडातील बालकांपेक्षा वजनाने पुष्कळ हलकी, स्नायूंनी उणी, परंतु चरबीने त्या मानाने उणी नसतात. वरून बारीक आणि आतून मेदयुक्त अशी ही आमची ठेवण आहे. दहा तास गादीवर बसून हिशेब पाहणाऱ्या व्यापाऱ्याने अंगरख्याच्या मापावरून आपल्या आरोग्याचा ताळेबंद काढू नये, हा त्याचा अर्थ.

धावणे हा परदेशी किंवा श्रीमंती नाद आहे, अशीही एक समजूत दिसते. तिला पुण्याचाच इतिहास उत्तर देतो. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहण्यास १९१९ साली सर दोराबजी टाटा आले असता, अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले त्यांच्या दृष्टीस पडली, आणि त्यांच्या वेळा युरोपातील नामांकित धावपटूंच्या जवळपास आहेत हे पाहून ते थक्क झाले. त्यातूनच १९२० साली बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस आमचा चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि २ तास ५० मिनिटांत अंतर तोडून एकोणिसावे आले. डबाबंद पौष्टिक चूर्णांचा आजचा बाजार तेव्हा नव्हता. अगदी अलीकडेही पाहा. कात्रजचा घाट चढून जो रस्ता साताऱ्याकडे जातो, त्याच जिल्ह्यातील माणसारख्या दुष्काळी तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ साली रिओ येथे अडथळ्यांच्या ३,००० मीटर शर्यतीत अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळविला. आणि बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी त्याच अंतराच्या शर्यतीत २०२२ साली राष्ट्रकुल सामन्यांतील रौप्यपदक आणिले. धाव ही या मातीस परकी नाही; ती शहरातल्या माणसाने विसरून टाकिली आहे, इतकेच.

आम्ही प्रत्येकाने मॅरेथॉन धावावी असे मुळीच म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढ माणसास आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोराचा व्यायाम पुरेसा सांगितला आहे. अमेरिकेत सुमारे ५५ हजार माणसांवर १५ वर्षे ठेविलेल्या नजरेचा वृत्तांत २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात न धावणाऱ्यांपेक्षा धावणाऱ्यांत हृदयरोगाने होणारे मृत्यू शेकडा ४५ नी कमी आढळले, आणि रोज केवळ पाच-दहा मिनिटे सावकाश धावणारेही या लाभास मुकलेले नव्हते. धावणारी माणसे इतर बाबतींतही अधिक जपून वागत असतील, हा आक्षेप रास्त आहे; तथापि एवढ्या अल्प मोलात एवढ्या लाभाची आशा दुसऱ्या कोणत्या व्यवहारात आहे, हे आमच्या व्यापारी वाचकांनीच सांगावे. आरंभी दोन मिनिटे चालावे, एक मिनिट धावावे, असे वीस मिनिटे करावे. शेजारच्याशी एक पुरे वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. आणि धावण्याचा भाग आठवड्या-आठवड्याने वाढवावा. ज्यांस छातीत दुखते, चक्कर येते, किंवा जे मधुमेहाची वा रक्तदाबाची औषधे घेतात, त्यांनी आधी डॉक्टरास विचारावे. चौकातील धूर टाळून पहाटे तलावाकडे किंवा टेकडीकडे जावे. यापरता मोठा विधी त्यास नाही.

आता अन्नाकडे वळू. ‘घरचे ते हितकर’ हे सूत्र सरसकट खरे नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. घरच्याच कढईत तेल वारंवार तापविले, प्रत्येक पानात पापड-लोणचे वाढिले, आणि दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा घेतला, तर ते अन्न घरचे असूनही घातक होय. दिवसाचे मीठ एकंदर ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या चमचाभर, असावे. लोणच्याची एक मोठी फोड व दोन पापड त्यातील केवढा वाटा खाऊन टाकितात, याचा विचार कोणी करीत नाही. घरच्या अन्नाचा खरा लाभ हा की, त्यात काय पडले हे आपणांस ठाऊक असते आणि ते बदलणे आपल्या हाती असते.

या बाबतीत आमच्या पूर्वापार जेवणात पुष्कळ शहाणपण साठलेले आहे. धान्यातील प्रथिनांत जे उणे असते ते डाळी-कडधान्यांत असते. म्हणून ज्वारीची भाकरी व मटकीची उसळ, किंवा भाकरी व पिठले, ही जोडी एकट्या भाकरीहून फार श्रेष्ठ. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तितक्याच गाईच्या दुधात सुमारे १२०. बाजरीत व पालेभाज्यांत लोह आहे. त्यावर लिंबू पिळले तर ते अंगी अधिक लागते, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी लागते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा आमच्या शहरवासीयांस ज्वारी-बाजरीची नवलाई वाटू लागली. जी भाकरी गरिबीची खूण म्हणून ताटातून काढून टाकिली, तीच आता रंगीत वेष्टनात बिस्किटांच्या रूपाने चौपट दामाने परत येत आहे! धावून आलेल्या माणसास ताक, मूठभर भाजलेले शेंगदाणे व गूळ, किंवा एक थालीपीठ व दही, यांहून अधिक कशाची गरज आहे, हे आम्हांस दिसत नाही.

येथवरचे सर्व आमच्या वाचकांस मान्य होईल, अशी आमची खात्री आहे. परंतु हे अन्न शिजवावयाचे कोणी? घरच्या अन्नाची थोरवी गाणारे गृहस्थ बहुधा चुलीपासून दहा हात दूर बसूनच ती गात असतात. सरकारने २०१९ साली केलेल्या देशव्यापी वेळ-पाहणीत असे निघाले की, सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांतील ८१ जणी दररोज घरचे बिनमोल काम करितात, आणि शंभर पुरुषांतील केवळ २६ जण त्यास हात लावितात. ज्या स्त्रिया हे काम करितात त्यांचे सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात, ज्या पुरुषांनी हात लाविला त्यांची ९७. येणेप्रमाणे, ‘घरचेच खा’ हा उपदेश पुरुषाच्या तोंडून निघाला म्हणजे त्याचा व्यवहारातील अर्थ ‘तू आणखी राब’ असा होतो. पती पहाटे टेकडीवर धावून येणार, आणि त्याची भाकरी गरम मिळावी म्हणून पत्नी त्याच पहाटे तव्यापुढे बसणार, या व्यवस्थेस आम्ही आरोग्यसुधारणा म्हणण्यास तयार नाही. तीत एकाचे आरोग्य दुसऱ्याच्या आरोग्याच्या किमतीने विकत घेतलेले असते.

आणि ही किंमत तेथेच फिटत नाही. वर सांगितलेल्या सहा खेड्यांच्या अभ्यासात हेही दिसून आले की, ज्या गरोदर स्त्रियांच्या खाण्यात पालेभाज्या, फळे व दूध वरचेवर येत होते, त्यांची बालके अधिक भरलेली जन्मली. मग जी सर्वांस वाढून झाल्यावर उरलेसुरले खाते, जिच्या वाट्यास भाजी संपल्यावर रस्सा येतो, तिच्या पोटी सुदृढ संतती यावी ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची? घरातील स्त्री शेवटी जेवते ही रूढी तिच्या एकटीचे नव्हे, तर पुढच्या पिढीचेही नुकसान करिते.

कोणी म्हणेल, ‘पुरुषास दुकान आहे, नोकरी आहे, त्यास वेळ कोठून?’ नोकरी करणाऱ्या स्त्रीस हा प्रश्न कोणी विचारीत नाही, एवढे एकच उत्तर वास्तविक पुरे आहे. तथापि व्यवहारी वाचकांसाठी व्यवहाराचेच बोलू. थालीपीठाची भाजणी हे आमच्या घरांतील जुने तयार अन्न आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने व जिरे भाजून एका रविवारी दळून आणिली, तर ती अनेक आठवडे पुरते. भाजण्यास लागतो तो धीर. त्यास स्त्रीत्व लागत नाही. मटकी भिजत घालणे व फडक्यात बांधणे, भाजी निवडणे, ताक घुसळणे, ही कामे ज्यास तराजू धरिता येतो त्यास सहज येतील. भाकरी थापण्यास सराव लागतो हे खरे. परंतु खतावणी लिहिण्यास लागला त्याहून अधिक नाही.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा. ‘सुनेने, मुलीने पहाटे रस्त्यावर धावावे हे शोभते काय?’ ललिता बाबर रिओत धावल्या तेव्हा सर्व महाराष्ट्रास अभिमान वाटला. जे परदेशात भूषण, ते आपल्या आळीत दूषण कसे होते, हे आम्हांस कळत नाही. मुलीच्या सुरक्षिततेची काळजी खरी असेल, तर तिचा उपाय तिला घरात ठेवणे हा नव्हे. वाट सुरक्षित करणे हा आहे. घरातील पुरुषाने तिच्याबरोबर धावावे, शेजारच्या दहा घरांनी मिळून एक वेळ ठरवावी, आणि महानगरपालिकेकडे पहाटेचे दिवे, फेरीवाले व वाहने यांपासून मोकळे पदपथ, तलावाकाठी स्वच्छ वाट व स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, यांची मागणी एकमुखाने करावी. व्यापाऱ्यांच्या मंडळांनी आपल्या वार्षिक समारंभाच्या खर्चातील काही अंश या कामी दिला, तर ते पैसे वाया जाणार नाहीत.

ज्यांस दोन वेळचे अन्नच मिळण्याची भ्रांत आहे, ज्यांचा दिवस ओझी वाहण्यात जातो, त्यांस आम्ही हा उपदेश करीत नाही. त्यांचा प्रश्न निराळा व अधिक मोठा आहे. आमचे बोलणे त्यांच्याशी आहे, ज्यांच्या घरी धान्य भरलेले आहे, पायांत बळ आहे, आणि केवळ सवय नाही. त्यांनी आरोग्याच्या नावाने पहिला खर्च जोड्यांवर किंवा डबाबंद चूर्णावर करू नये. आठवड्यातील तीन दिवशी सकाळचे चूल-तव्याचे काम घरातील पुरुषांनी अंगावर घ्यावे, आणि त्या तीन दिवशी घरातील स्त्रियांनी निश्चिंतपणे धावण्यास बाहेर पडावे. उरलेल्या दिवसांपैकी तीन दिवशी उलट करावे. आणि सातव्या दिवशी सर्वांनी मिळून धावावे, मिळून रांधावे व एका पंगतीस बसून जेवावे. यास कायदा नको, वर्गणी नको, सभा नको. येत्या सोमवारी आरंभ करण्यास कोणती अडचण आहे, ती ज्याने त्याने आपल्या मनास विचारावी. आमच्या मते, खऱ्या अडचणी फार थोड्या निघतील, आणि ज्या निघतील त्यांतील बहुतेक पुरुषांच्या बाजूच्याच असतील.