निवड समितीने पेपर वाचावा

राज्यातील विद्यापीठांचे माननीय कुलगुरू आणि शिक्षक निवड समित्यांचे सदस्य यांस,



रेणवीय जीवशास्त्राच्या उमेदवाराची फाइल उघडली की पहिल्याच पानावर आकडे दिसतात. पेपर किती, सायटेशन किती, एच-इंडेक्स किती. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीतले कोष्टक आपल्याला पाठच असेल: जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर एकाहून कमी असला तर विज्ञानातल्या पेपरला १० गुण, दहाच्या वर असला तर ३०. पेपरात काय लिहिले आहे, यासाठी त्यात रकाना नाही.

आमच्या कुठल्याही कॉलेजातला बायोकेमिस्ट्रीचा विद्यार्थी ‘लोरी मेथड’ने प्रोटीन मोजतो. ऑलिव्हर लोरी यांचा तो पेपर १९५१ चा. ‘नेचर’ने २०१४ मध्ये सर्वाधिक उद्धृत पेपरांची यादी काढली, तेव्हा तो तीन लाखांहून अधिक सायटेशन घेऊन पहिला होता. खुद्द लोरींना मात्र तो काही थोर पेपर वाटत नव्हता. त्याच यादीत दुसरा होता उलरिख लेम्ली यांचा १९७० चा पेपर. विषय आहे टी-४ या विषाणूचे डोके कसे बांधले जाते हा. जग तो उद्धृत करते ते त्यातल्या, प्रथिने वेगळी करण्यासाठी जेल चालवण्याच्या पद्धतीसाठी, आणि त्या पद्धतीचा शीर्षकात उल्लेखही नाही. सायटेशनवरून पेपर किती वापरला गेला ते कळते. संशोधकाची समज किती खोल, हा प्रश्न वेगळा.

उलट बाजू अधिक बोचरी आहे. डग्लस प्रॅशर यांनी अमेरिकेत वुड्स होल येथे जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक वेगळे केले आणि १९९२ मध्ये ते काम छापले. पुढच्या कामाला अनुदान मिळेना, तेव्हा मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांनी मागितल्यावर त्यांनी ते जनुक देऊन टाकले. २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना ओसामू शिमोमुरांसोबत मिळाले. त्या वेळी प्रॅशर हंट्सव्हिलमध्ये एका मोटार विक्रेत्याकडे ग्राहकांची ने-आण करणारी गाडी चालवत होते. त्यांचा १९९२ चा पेपर आपल्या कोष्टकात बसवून पाहा. तो इतर शंभर पेपरांसारखाच दिसेल.

जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरचे, म्हणजे त्यातल्या पेपरांच्या सरासरी सायटेशनचे, तर विचारूच नका. ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या जर्नलचा तो आकडा दोन-अडीचच्या आसपास असे. जॉर्ज शेल्ड्रिक यांचा २००८ मधला एकच पेपर जगभर उद्धृत झाला आणि २००९ चा आकडा ४९ च्या पुढे गेला. त्या काळात तिथे छापून आलेल्या बाकी सगळ्यांना त्या एका माणसामुळे ३० गुण मिळाले असते.

आकडा मोजायचा ठरला की आकडा तयार करणारेही उभे राहतात, हे आपल्याला नवे नाही. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये यूजीसीच्या मान्यताप्राप्त जर्नलांच्या यादीची तपासणी छापली. विद्यापीठांनीच सुचवलेल्या १००९ जर्नलांपैकी निकषांवर जेमतेम ११२ टिकली.

माझी मागणी छोटी आहे. उमेदवाराकडून त्याने स्वतः निवडलेले तीन पेपर आधी मागवा आणि विषयतज्ज्ञांना ते वाचायला द्या. मुलाखतीत एखादी आकृती समोर ठेवून विचारा: हे जेल तुम्ही चालवले का, कंट्रोल कोणते होते, ही पट्टी इथे का आली? सहलेखकांच्या रांगेत पाचव्या क्रमांकावर असलेल्या मुलीने सगळे प्रयोग केले असतील, तर ते दोन मिनिटांत कळेल. कोष्टक तिला पेपरच्या गुणांतले ३० टक्के देऊन मोकळे होते.

वेळ नाही, असे आपण म्हणाल. नेमलेला माणूस तीस वर्षे शिकवणार असतो. तीन पेपरांना दोन संध्याकाळी पुरतात. आणि कोणत्या सदस्याने कोणता पेपर वाचला, याची बैठकीच्या इतिवृत्तात नावासह नोंद ठेवा.

आपला,
रेणवीय जीवशास्त्राचा एक प्राध्यापक