मुक्तिदिन आमचाही आहे

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होते. आमच्या उर्दू शाळांतही होते. पण भाषणांतला सूर बहुतेकदा एकच असतो : मुसलमानांच्या राज्यातून हिंदू सुटले. इकडे धर्मापुरीसारख्या गावांत आमची वडीलधारी मंडळी या दिवसाला 'पोलीस ॲक्शन' म्हणतात आणि गप्प होतात. मला दोन्ही मान्य नाही.

निजामाचे राज्य मुसलमानांचे होते म्हणे! ते जहागीरदारांचे होते. मुसलमान शेतमजुराच्या वाट्याला त्यातले काय आले? शोएबुल्ला खान 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक. संस्थान भारतात विलीन व्हावे, असे त्यांनी निर्भयपणे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचे हात तोडून खून केला. मारणारे मुसलमान, मरणाराही मुसलमान. मग हा लढा धर्माचा कसा? शायर मखदूम मोहिउद्दीनही निजामाविरुद्धच उभे होते.

आता आपल्या मौनाविषयी. १३ सप्टेंबरला सुरू झालेली लष्करी कारवाई पाच दिवसांत संपली. निरपराध मुसलमानांची कत्तल मात्र संपली नाही. केंद्र सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने किमान २७ ते ४० हजार बळींचा अंदाज दिला. उस्मानाबाद, नांदेड हे सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत होते. अहवाल अनेक दशके दडवला गेला. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवल्याची नोंदही त्याच अहवालात आहे. आपण गप्प राहिलो, तर त्या शेजाऱ्यांचीही आठवण पुसली जाईल.

आणि शिक्षा कोणाला झाली? निजाम १९५० ते १९५६ राजप्रमुख म्हणून मिरवला. कासीम रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला. मेला तो गरीब. रझाकारांच्या हातून मेला तोही, नंतर मेला तोही.

म्हणून माझे उर्दू शिक्षकांना सांगणे आहे : येत्या १७ सप्टेंबरला शोएबुल्ला खान यांची गोष्ट मुलांना सांगा. दोन्हीकडच्या मृतांसाठी मुलांना दोन मिनिटे उभे करा. कोणी विचारले, तर सांगा, हा दिवस आमचाही आहे. त्याची किंमत आम्हीही मोजली आहे.