गाव आमचा, मग नकाशा कोणाचा?

2006 सालचा ऑगस्ट महिना जुन्या वाचकांना आठवत असेल. ‘प्रादेशिक आराखडा 2011’ अधिसूचित झाला आणि गोव्याच्या डोंगर-बागायतींवर वसाहतीचा रंग चढलेला लोकांनी पाहिला. माणसे रस्त्यावर आली. मराठी-कोकणी, हिंदू-ख्रिस्ती हा भेद त्या लढ्यात उरला नाही. जानेवारी 2007 मध्ये शासनाला आराखडा मागे घ्यावा लागला. पुढच्या ‘आराखडा 2021’ साठी मसुदे पंचायतींपर्यंत आले, ग्रामसमित्या बसल्या, शेतकरी सर्व्हे नंबर घेऊन बोलले. ‘लोकांना नकाशा काय कळतो?’ म्हणणाऱ्यांना तिथेच उत्तर मिळाले.

मग ही उलटी गंगा का? 2023 मध्ये दुरुस्ती करून नगरनियोजन कायद्यात कलम 17(2) घातले गेले आणि आराखड्यातील ‘चुका’ खाजगी अर्जावर सुधारण्याची वाट उघडली. चूक कोणती? तर शेत दाखवले आहे, आणि मालकाला तिथे इमारत हवी आहे, ही! मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. पण त्याआधीच, 2024 मध्ये, कलम 39अ आणले गेले. त्यात भूरूपांतरापूर्वी हरकतींसाठी 30 दिवस ठेवले. ‘लोकांना विचारतो ना!’ म्हणायला सोय झाली.

हे विचारणे कसले? सूचना राजपत्राच्या इंग्रजीत, नुसत्या सर्व्हे नंबरांची रांग. पेडण्याच्या वा सत्तरीच्या शेतकऱ्याने ती शोधायची, उलगडायची आणि मुदतीत हरकत पाठवायची. 1987 च्या राजभाषा कायद्याने शासकीय कामात मराठीच्या वापराला जागा दिली आहे. ती जागा जमिनीच्या नोटिशीत नसेल, तर कशाला हवी? सत्कार समारंभाच्या फलकासाठी?

‘घरे नकोत का?’ असा प्रश्न हमखास येतो. हवीत, नक्की हवीत. पण 2011 च्या जनगणनेत गोव्यातील पाचांतले एक घर रिकामे आढळले. म्हणजे उणीव भिंतींची नाही. उणीव आहे ती इथल्या नोकरदार मुलाला परवडणाऱ्या घराची. शेताची वसाहत झाली की जमिनीचा भाव चढतो, सुट्टीपुरते येणारे घर घेतात आणि गावचा मुलगा भाड्याच्या खोलीत राहतो. त्याच्या नावाने झालेल्या रूपांतरात त्याच्या वाट्याला काय आले?

वाचकहो, थोडे आपल्याकडेही पाहू. देवळाच्या उत्सवाला अख्खे कुटुंब हजर, ग्रामसभेला मात्र घरटी एक माणूसही नाही. वडिलोपार्जित भाट विकताना घेणारा तिथे काय करणार, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? दलालाला शिव्या देणे सोपे आहे. सही मात्र आपली असते.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असू द्या.

1. भूरूपांतराचा प्रत्येक प्रस्ताव आधी ग्रामसभेपुढे यावा. शहरात तो त्या प्रभागाच्या जाहीर सभेत मांडावा.

2. सूचना मराठी व कोकणीतही निघावी, वाड्याच्या नावासह पंचायतीच्या फलकावर लागावी.

3. हरकत फेटाळली तर कारण लेखी द्यावे.

4. मोठ्या गृहप्रकल्पात ठरावीक घरे स्थानिक, अल्प उत्पन्न कुटुंबांना परवडतील अशा दरात राखून ठेवावीत.

2006 मध्ये आपण जागे झालो तेव्हा आराखडा एकच होता, शत्रू दिसत होता. आता बदल एकेका सर्व्हे नंबराने होतो. त्यावर मोर्चा निघत नाही, त्यावर पाळत ठेवावी लागते. पुढच्या ग्रामसभेला एकटे जाऊ नका, शेजाऱ्यालाही घेऊन जा.