रविवार मागून घेणारा माणूस

नागपूरचा रविवार उशिरा उजाडतो. कोपऱ्यावरून तर्री-पोहे येतात, पुरवणीची पाने घरभर पसरतात आणि दुपारपर्यंत कुणी कुणाला घाई करीत नाही. हा दिवस जणू पंचांगातूनच आपल्या वाट्याला आला, असे आपण धरून चालतो. गिरणी कामगाराला मात्र तो मागून घ्यावा लागला, आणि त्या मागणीच्या अग्रभागी होते नारायण मेघाजी लोखंडे.

आपल्या गावात एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी तिथल्या विणकरांनी मजुरीच्या दरावरून काम थांबवले. देशातल्या अगदी सुरुवातीच्या संपांत त्याची गणना होते. पण संप मिटला की कामगार पांगत. त्यांचे म्हणणे कागदावर मांडून सरकारपुढे ठेवणारा माणूस हवा होता. तो मुंबईत तयार होत होता.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा. मूळ गाव पुणे जिल्ह्यातले कन्हेरसर. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले; म्हणजे आम्हा बँकवाल्यांसारखे नोंदी ठेवणारे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांत ते वाढले आणि १८८० पासून ‘दीनबंधू’ हे पत्र मुंबईहून चालवू लागले. १८८४ मध्ये परळला सभा घेऊन त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या साध्या होत्या: आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात जखमी झालेल्याला मदत.

त्यांच्या संघटनेकडे ना सभासदांची यादी, ना निधी, ना नियमावली. अशा संस्थेचे आम्ही बँकेत खातेही उघडले नसते! तरीही २४ एप्रिल १८९० रोजी तिच्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली आणि १० जूनला मालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी ती कायद्यात आली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, मुंबईतल्या प्लेगच्या साथीत, लोखंडे गेले. पन्नाशीही पुरी झाली नव्हती.

हे वाचताना मला माझीच एक जुनी बाकी आठवते. मी शाखाधिकारी असताना सहामाही हिशेबासाठी आम्ही रविवारी शाखा उघडत असू. चहापाण्याला रोजंदारीवरचा एक पोरगा येई. लागोपाठ तीन रविवार बोलावल्यावर तो दबकत म्हणाला, “साहेब, पुढच्या रविवारी नाही आलो तं चालन का? मायले गावाले न्याचं हाये.” मी म्हटले, “लेजर जुळू दे, मग बघू.” लेजर जुळले. त्याचा रविवार मात्र कुठल्याच खात्यात जमा झाला नाही.

आम्हा बँकवाल्यांना २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवारही सुट्टीचा मिळाला, कारण आमच्या संघटना भक्कम. पण मोबाईलवरून मागवलेले पोहे दारात आणणारा मुलगा, इमारतीचा चौकीदार, भांडी घासणाऱ्या मावशी यांचा रविवार कुठे आहे? “त्यांनाच सुट्टी नको असते,” असे आपण म्हणतो. खाडा झाला की ज्याची मजुरी कापली जाते, तो सुट्टी कोणत्या तोंडाने मागणार? लोखंड्यांच्या नावाने २००५ मध्ये टपाल तिकीट निघाले. त्यांचा मान राखण्याची याहून सोपी जागा आपल्या स्वयंपाकघरात आहे.

गेल्या महिन्यापासून आमच्या मावशींना रविवारी पगारी सुट्टी आहे. पहिल्या रविवारी पोह्यांच्या बशा मी धुतल्या. तर्रीचे तेल सहजी निघत नाही, हे मला या वयात कळले.